राखाडी डेक

यंदा मे महिन्याच्या शेवटी, चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांच्या तळपायात आमच्या डेकची दीड इंचाची कूस गेली आणि कित्येक वर्षे मी जे काम पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत आलो होतो ते त्याच संध्याकाळी ठरून गेले. बायकोने सुई आणि चिमटा घेऊन कूस काढली, वर हळद दाबली. बाबांनी मात्र ती कूस टाकू दिली नाही. त्यांनी ती दिव्याखाली धरली, नखाने तिचे पदर वेगळे केले आणि म्हणाले, "वरून गेलंय, पण आतून लाकूड अजून टणक आहे रे."

ज्यांनी डेक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: घराच्या मागच्या दाराला लागून, जमिनीपासून तीन-चार फूट उंचीवर खांबांवर उभारलेली आणि तिन्ही बाजूंनी कठडा असलेली फळ्यांची ओटी म्हणजे डेक. फरक एवढाच की ओटीवर छप्पर असते आणि डेकवर नसते. बाबांनी आल्याच्या पहिल्याच दिवशी विचारले होते, "याला वर काहीच का नाही घातलं?" आणि मला उत्तर देता आले नव्हते, कारण प्रश्न बरोबर होता. आमच्या गावाकडच्या घरात लाकूड भरपूर आहे, पण ते सगळे कौलांच्या पोटात आहे. झोपाळा ओटीवर, खांब पडवीच्या आत आणि जिकडून पावसाची झड येते तिकडे विणलेल्या झावळ्या बांधलेल्या. उघड्यावर असते ते फक्त अंगण, आणि पाऊस सरला की ते दर वर्षी उकरायचे, चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे, हे घरातल्या सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. इथल्या लोकांनी लाकडाची जमीन करून ती ऊन, पाऊस आणि बर्फाच्या स्वाधीन केली. पण तिलाही वरचेवर सारवावे लागते, ही गोष्ट मला घर घेताना कोणी सांगितली नाही आणि मीही कोणाला विचारली नाही.

आमचे घर मध्य न्यू जर्सीत आहे. डेक २० फूट लांब आणि १६ फूट रुंद, पश्चिमेकडे तोंड असलेला, सदर्न यलो पाइन या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पिवळ्या पाइनच्या ३४ फळ्यांचा. सहा वर्षांपूर्वी तो नुसता राखाडी पडला होता. तेव्हा मी एका शनिवारी प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोराची धार मारणारे यंत्र, भाड्याने आणून तो धुतला आणि रविवारी, म्हणजे लाकूड आतून ओले असतानाच, त्यावर चॉकलेटी रंगाचा सॉलिड स्टेन फासला. स्टेन म्हणजे खरे तर लाकडात मुरणारा रंग, पण सॉलिड स्टेनच्या नावात स्टेन असला तरी त्याची जात भिंतीच्या रंगाची आहे. तो लाकडात मुरत नाही, वर सायीसारखा धरतो. भिंतीला असा पापुद्रा चालतो, कारण भिंतीवर पाणी साचत नाही. पायाखालच्या आडव्या फळीत मात्र पाणी टोकांतून, खिळ्यांच्या भोकांतून आणि खालच्या बाजूने शिरतच राहते, आणि वरून ते बाहेर पडू पाहते तेव्हा वाटेत हा पापुद्रा असतो. दुसऱ्याच हिवाळ्यानंतर त्याला फोड आले, तिसऱ्या वर्षी ते फुटले आणि त्यानंतर प्रत्येक पावसाचे पाणी त्या फाटलेल्या सालीखाली शिरून तिथेच मुरू लागले.

हे सगळे मी हवामानावर ढकलले असते. पण मागच्या कोपऱ्यातल्या दोन फूट रुंदीच्या पट्टीने मला खोटे पाडले. त्या वेळी तिथे पोहोचेपर्यंत डबा संपला होता आणि दुसरा आणण्याचा मला कंटाळा आला होता. त्याच उन्हात, त्याच बर्फाखाली ती पट्टी सहा वर्षे उघडीच होती. ती राखाडी झाली होती, थोडी खरखरीत झाली होती, पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक तिच्यात रुतत नव्हते. रंगवलेल्या भागात ते सात ठिकाणी रुतले. उन्हापावसाने सहा वर्षांत जे केले नाही ते मी एका रविवारच्या दुपारी करून ठेवले होते.

लाकूड राखाडी का होते हे या निमित्ताने मी नीट वाचले. लाकडातले सेल्युलोजचे धागे लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन तोडतात, पाऊस ते सुटलेले द्रव्य धुऊन नेतो आणि मागे उरतात ते मोकळे, फिकट, केसांसारखे धागे. त्यांवर बुरशीचे काळे ठिपके बसले की तो ओळखीचा चंदेरी-करडा रंग येतो. हे सगळे घडते ते अगदी वरच्या थरात. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे अमेरिकी वनखात्याची १९१० साली सुरू झालेली फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. लाकूड उघड्यावर ठेवले तर त्याचे काय होते याचा तिथे अनेक दशके अभ्यास झाला आहे. पाइनसारखे मऊ लाकूड नुसत्या हवामानाने झिजते ते शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर. राखाडी रंग म्हणजे कुजणे नव्हे. कुजण्यासाठी बुरशीला लाकडाच्या आत मुक्काम करावा लागतो आणि त्यासाठी ओल सतत टिकून राहावी लागते. ती मुक्कामाची सोय माझ्या चॉकलेटी पापुद्र्याने केली होती.

फळीला पॉलिश पेपर लावण्याआधी एक चौकशी करायची होती, आणि जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इथे बाहेरच्या कामाचे पाइन दाबाखाली औषध मुरवूनच विकतात, आणि कित्येक वर्षे ते औषध क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे होते. त्याला सीसीए म्हणतात. २००३ संपताना घरगुती वापरासाठी हे लाकूड बनवणे उत्पादकांनी पर्यावरण संरक्षण संस्थेशी झालेल्या करारानुसार बंद केले आणि त्यानंतर तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक नसलेली औषधे आली. सीसीए लाकूड घासले तर आर्सेनिकची धूळ उडते आणि जाळले तर ते धुरात आणि राखेत उतरते, म्हणून ते घासूही नये आणि जाळूही नये. डेक धुण्याची काही रसायनेही त्यातल्या क्रोमियमला अधिक विषारी रूप देऊ शकतात. आमचे घर १९९७चे. टाउनशिपच्या कचेरीत जुने परवाने पाहायला मिळतात. तिथे कळले की डेक आधीच्या मालकाने २००५ साली नव्याने बांधला आहे. मी सुटलो असे वाटले. पण परवान्याच्या नकाशावर पायऱ्या "आहेत तशा" अशी नोंद होती. बॅटरी घेऊन पायऱ्यांखाली सरपटत गेलो, तर एका फळीच्या टोकाला नखाएवढी प्लॅस्टिकची चिठ्ठी पिनांनी ठोकलेली सापडली. अक्षरे पुसट झाली होती. तरी सीसीए आणि ०.४० एवढे वाचता आले. दर घनफूट लाकडात ०.४० पौंड औषध, म्हणजे मातीला टेकणाऱ्या लाकडाची मात्रा.

त्या पायऱ्यांना मी हात लावला नाही, म्हणजे त्या घासल्या नाहीत. त्या अख्ख्या उतरवल्या आणि कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टाकून दिल्या. शेजाऱ्याने ते लाकूड शेकोटीसाठी मागितले होते. त्याला का देत नाही हे समजावताना बराच वेळ गेला, आणि मी कंजूष आहे अशी त्याची समजूत झाली असावी.

मग कुजलेल्या जागा. सगळ्यांत वाईट जागा कढीपत्त्याच्या कुंडीखाली होती. इथे कढीपत्ता हिवाळाभर घरात जगवावा लागतो आणि मे महिन्यात तो बाहेर डेकवर येतो. आमची कुंडी दर वर्षी त्याच जागी, थेट फळीवर ठेवलेली असायची. कुंडी उचलली तेव्हा खाली थाळीएवढे काळे वर्तुळ होते, त्यात दोन गोमा आणि चुरगळलेल्या पावासारखे लाकूड. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तिथल्या तीन फळ्यांचे तुकडे मी खालच्या वाशाच्या मध्यावर कापून काढले. या वाशांना इथे जॉइस्ट म्हणतात आणि आमच्याकडे ते १६ इंचांवर आहेत. एका जॉइस्टची वरची कडही अर्धा इंच मऊ झाली होती. ती टणक लाकूड लागेपर्यंत खरवडली आणि शेजारी तेवढ्याच मापाचा नवा वासा बोल्टने जोडला. याच वेळी खाली वाकून, घराच्या भिंतीला डेक ज्या फळीने जोडलेला असतो तिचे बोल्टही पाहून घेतले, कारण डेक पडतो तेव्हा बहुतेक वेळा तिथून सुटून पडतो. ते ठीक होते.

फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या, आणि ओले होणे, सुकणे, गोठणे यांत खिळे हळूहळू वर येतात. हजाराच्या वर खिळ्यांपैकी दीडशेच्या आसपास खिळ्यांची डोकी बाहेर आली होती. ती नुसती ठोकून आत बसवली तर वर्षभरात पुन्हा येतात, म्हणून ते खिळे उपटून जागी स्क्रू घातले. स्क्रू मात्र साधे लोखंडी चालत नाहीत. नव्या औषधांत तांबे जास्त असते आणि ओल्या लाकडात ते तांबे लोखंड खाते. त्यामुळे स्टेनलेस किंवा या कामासाठीच खास लेप दिलेले स्क्रू घ्यावे लागतात. हे काम बाबांनी केले. बसायला पाट, एका बाजूला नव्या स्क्रूंचा डबा, दुसऱ्या बाजूला जुन्या खिळ्यांचा. चार सकाळी त्यांत गेल्या आणि जुने खिळे त्यांनी सरळ करून ठेवले आहेत, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

आता जुना पापुद्रा काढणे. यासाठी स्ट्रिपर मिळतो, जो मुळात दाहक सोड्याचे दाट द्रावण आहे. आजूबाजूची झाडे आधी पाण्याने भिजवून वर प्लॅस्टिक अंथरायचे, हातमोजे आणि चष्मा घालायचा, स्ट्रिपर भरपूर ओतायचा आणि पंधरा-वीस मिनिटे तो सुकू द्यायचा नाही. सुकतोयसे वाटले की पाण्याचा हलका फवारा मारायचा. त्यानंतर नायलॉनच्या ताठ ब्रशने घासायचे. तारेचा ब्रश घेऊ नये. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकून बसतात आणि पुढच्या पावसात गंजून काळे डाग देतात. माझा जाड चॉकलेटी थर पहिल्या खेपेस अर्धाच सुटला, म्हणून सगळा खेळ दोनदा करावा लागला.

धुण्यासाठी पुन्हा प्रेशर वॉशर आणला आणि पुन्हा एक चूक केली. या पाइनच्या प्रत्येक वलयात दोन प्रकारचे लाकूड असते: वसंतात वाढलेले मऊ आणि उन्हाळ्याच्या शेवटी वाढलेले कठीण. पाण्याची धार जवळून मारली की मऊ भाग उडून जातो आणि कठीण रेघा तशाच उभ्या राहतात. धार रुंद पसरणाऱ्या नॉझलने, दाब हजार-बाराशे पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला इतके पौंड) ठेवून आणि नॉझल फळीपासून फूटभर दूर धरून धुतले तर काही होत नाही. मला एक हट्टी डाग दिसला आणि मी नॉझल चार इंचांवर नेले. त्या फळीवर एका क्षणात कंगवा फिरवल्यासारखे चर उमटले. ते पुढे घासून कमी झाले, गेले नाहीत. माहीत असलेल्याला अजून दाराजवळच्या तिसऱ्या फळीवर दिसतात.

स्ट्रिपर धुऊन झाल्यावर डेक पाहून बायको काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पापुद्रा गेला होता आणि लाकूड काळपट पडले होते, कारण क्षाराने लाकूड काळवंडते. इथेच पुष्कळ लोक घाबरून एकदम पॉलिश पेपर हातात घेतात. त्याऐवजी त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे पातळ द्रावण मारायचे असते. दुकानात ते ब्राइटनर या नावाने मिळते. हे तेच आम्ल, ज्याच्या कॅल्शियमशी झालेल्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे अळू घशाला खाजते आणि ज्यांच्यासाठी अळूच्या फदफद्यात चिंच पडते. ते क्षाराला मारते आणि लोखंडाचे काळे डागही विरघळवते. काळ्या गुळाच्या रंगाची फळी माझ्या डोळ्यांसमोर दहा मिनिटांत पिवळ्या कोल्हापुरी गुळाच्या रंगावर आली. बाबा खुर्ची पुढे ओढून ते पाहत बसले. या सगळ्या कामात मनापासून आनंद देणारी दहा मिनिटे कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन. शेवटचा हात मारून झाल्यावरची नव्हेत.

त्यानंतर काही न करण्याचे दिवस आले, आणि मागच्या वेळी मी नेमके तेच गाळले होते. लाकडात दोन काटे खुपसून ओल मोजणारे छोटे यंत्र आणले होते. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी ते २६ टक्के दाखवत होते. वरून हात फिरवला तर फळी कोरडी ठणठणीत वाटत होती. मागच्या खेपेला हाताने पाहिलेला कोरडेपणा मी खरा मानला होता. १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय स्टेन मारायचा नाही असे ठरवले. मधे दोनदा पाऊस आला, जूनची दमट हवा होतीच. १३चा आकडा दिसायला अकरा दिवस लागले.

त्या दिवसांत कठड्याकडे पाहिले. कठड्याच्या वरच्या दांडीला खालून चार भोके होती, करंगळी जाईल एवढी आणि गिरमिटाने पाडल्यासारखी नेमकी गोल. हे भुंग्यांचे काम. इथे त्यांना कार्पेंटर बी म्हणतात, म्हणजे सुतार माशी. मादी इंचभर सरळ आत जाते आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या धाग्याच्या दिशेने बोगदा करते; नर बाहेर तोंडासमोर गुरगुरत राहतो, पण त्याला नांगी नसते. लाकूड पोखरणारा भुंगा कमळात मात्र अडकून पडतो, हे शाळेत संस्कृतच्या तासाला आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. आमच्याकडे कमळ नसल्याने दोन संध्याकाळी टेहळणी करून, आत कोणी नाही याची खात्री झाल्यावर, गोल खुंट्या गोंद लावून ठोकल्या. त्यांना आवडते ते उघडे, जुने झालेले मऊ लाकूड. तेव्हा हात मारलेल्या कठड्याकडे ते कमी येतील अशी आशा आहे.

घासण्याबाबत थोडक्यात सांगतो. फळ्यांना ६० नंबरचा पॉलिश पेपर आणि हात लागतो त्या कठड्याला ८०चा. यापेक्षा बारीक पेपर घेऊ नये, कारण फळी जितकी गुळगुळीत तितका स्टेन कमी मुरतो. खिळ्यांची सगळी डोकी आधी आत गेलेली हवीत, नाहीतर पेपर टराटरा फाटतो. आर्सेनिक नसले तरी मास्क हवाच.

स्टेन निवडताना मी या खेपेला तेलाचा, मुरणारा, अर्धपारदर्शक घेतला. रंग सीडरचा, म्हणजे आपल्या सागाच्या जवळ जाणारा तांबूस. पूर्ण पारदर्शक घेण्याचा मोह होतो, कारण लाकूड फार देखणे दिसते. पण ऊन अडवतात ते त्यातले रंगकण, आणि तेच नसले की एका उन्हाळ्यात पुन्हा राखाडी. रंगकण वाढवत नेले की शेवटी आपण सॉलिडवर, म्हणजे माझ्या जुन्या चुकीवर येतो. अर्धपारदर्शक स्टेन फिकटतो, झिजतो, पण सोलवटत नाही. दोन-तीन वर्षांनी धुऊन त्यावरच दुसरा हात मारता येतो. चार गॅलन आणले आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र केले, कारण डब्याडब्यात छटा थोडी वेगळी निघते. रंगकण तळाशी बसतात, म्हणून दर थोड्या वेळाने तळापासून ढवळावे लागते. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतले आणि पातळ भाजी ढवळावी तसे निष्ठेने केले.

डेक पश्चिमेला असल्याने दुपारी एकपर्यंत घराची सावली असते. दव सुकल्यावर साडेनऊला सुरुवात, ऊन यायच्या आत बंद. एका वेळी दोनच फळ्या घ्यायच्या आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करायच्या. मध्येच थांबले तर जिथे ओले सुक्यावर चढते तिथे गडद पट्टा उठतो. फळीचे कापलेले टोक म्हणजे हजारो नळ्यांची उघडी तोंडे. तिथे ब्रश टेकवला की स्टेन डोळ्यांदेखत आत जातो, आणि पुन्हा टेकवला की पुन्हा. पाणीही तिथूनच शिरते, म्हणून टोकांना मी तीन-तीनदा पाजले. पंधरा-वीस मिनिटांत जो मुरत नाही तो स्टेन फडक्याने पुसून घ्यायचा. "दिलाय तेवढा राहू दे की," असे बाबा म्हणाले. पण वर राहिलेले तेल चिकट, चकचकीत डाग होऊन बसते, आणि जाड थर म्हणजे जास्त टिकाऊ या समजुतीनेच आधी घात केला होता.

जमीन दोन सकाळींत झाली. कठड्याला पाच लागल्या. उभ्या दांड्या मोजल्या तर ११२. लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून दोन दांड्यांतली फट चार इंचांपेक्षा कमी ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे त्या इतक्या होतात. प्रत्येकीला चार बाजू, म्हणजे ४४८ पृष्ठभाग, दोन इंची ब्रशने, वरून ओघळ खाली जाऊ न देता. कोणी डेक रंगवून देण्याचा दर सांगितला आणि तो जास्त वाटला, तर आधी दांड्या मोजाव्यात.

फडक्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फळीवर ती उडून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यांच्या ढिगात ती साठते आणि काही तासांत, कोणी काडी न ओढता, ढीग पेटतो. आमच्यापासून फार लांब नसलेल्या फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर अशीच आग लागली. लाकडी कामाला तेल लावणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी तिथे ठेवली होती. आग वर चढत गेली आणि ३०व्या मजल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांनी अडली. तोपर्यंत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले होते. पुढे ती इमारतच पाडावी लागली. मी रोजची फडकी पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावत होतो आणि डबा घरापासून दूर, गवतावर ठेवत होतो. डब्यावर बाबांनी न सांगता एक वीट ठेवली.

दोन दिवसांनी पहिला पाऊस आला. बॅटरी घेऊन आम्ही दोघे दारात उभे राहिलो. पाणी फळ्यांवर पारा सांडल्यासारखे गोळ्या होऊन राहिले होते आणि फटींतून खाली जात होते. दाराजवळच्या त्या तिसऱ्या फळीच्या चरांत मात्र ते बारीक रेघांनी उभे होते. कढीपत्ता आता चाकांच्या स्टँडवर आहे, खालून वारा खेळतो, आणि दर पंधरा दिवसांनी मी त्याला वीतभर सरकवतो.

पायऱ्या राहिल्या आहेत. नव्या लाकडाच्या बांधल्या, पण दाबाखाली औषध मुरवलेले लाकूड दुकानातून येते तेच पाण्याने जड होऊन. माझ्या यंत्रात ते ३० टक्क्यांच्या वर दाखवते आणि औषधातल्या तांब्याने हिरवट दिसते. तांबूस डेकला हिरव्या पायऱ्या शोभत नाहीत हे खरे आहे, आणि येणारा प्रत्येक जण ते मला सांगतो. त्यांना स्टेन पुढच्या मे महिन्यात. अर्धा गॅलन उरला आहे. तो झाकण घट्ट ठोकून तळघरात ठेवला आहे आणि झाकणावर बाबांनी मार्करने रंगाचे नाव, तारीख आणि खाली "तळापासून ढवळणे" असे लिहून ठेवले आहे.